दम न धरता: घाटावरच्या वाचकांसाठी प्रस्तावना

कराडच्या मुलांना पोहायला नदीच शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा डबा बांधून कृष्णेत उतरायचे, वडीलधाऱ्या कुणाच्या तरी नजरेखाली हातपाय मारायचे, एक दिवस डबा सोडायचा आणि पुढच्या वर्षी काठावरून सूर मारायचा, हा क्रम कित्येक पिढ्या चालत आला आहे. त्यात एक पैज हमखास लागते. सगळ्यांनी एकदम बुडी मारायची आणि कोण किती वेळ दम धरतो ते पाहायचे. शेवटी जो वर येतो तो त्या दिवसाचा पहिलवान. कृष्णाकाठच्या पोहणाऱ्याचा सगळा अभिमान या दमात आणि प्रवाह कापणाऱ्या खांद्यांत असतो. असा माणूस स्कूबा डायव्हिंग शिकायला जातो तेव्हा पहिल्याच तासात त्याला सांगितले जाते की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, आणि हात मारायचे नाहीत. आपल्याकडच्या तरबेज पोहणाऱ्यांना हे नवख्यांपेक्षा जड जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. सातारा-सांगलीच्या नद्यांत वाढलेला आणि समुद्र फक्त वाळूवरून पाहिलेला वाचक मी सतत डोळ्यांसमोर ठेवला आहे.

समुद्राचा आपल्याशी काय संबंध, असे घाटावर सहज म्हटले जाते. कृष्णा पूर्वेला जाते, आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते, आणि अरबी समुद्र आपल्या पाठीमागे राहतो. पण प्रीतिसंगमावर तिला भेटणाऱ्या कोयनेची गोष्ट वेगळी आहे. धरणात अडलेले कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडते, पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने असे पश्चिमेला सोडायला मान्यता दिलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. माणसेही या बाजूने फार पूर्वीपासून उतरत आली. राजपुरी खाडीच्या काठी कुडे येथील लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. करहाकड, म्हणजे आपले कराड, येथल्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने तिथे लेणे दान दिले, असे तो सांगतो. आगाशिवच्या डोंगरात लेणी कोरली जात होती त्या काळाच्या आसपासचा हा माणूस. त्याचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून खाडीपर्यंत गेला असणार. आज कराडहून मालवण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पहाटे निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचते.

पोहोचल्यावर काय दिसते, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. लक्षद्वीपचे किंवा अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून मालवणच्या पाण्यात उतरू नये. तिथल्या निळ्या काचेसारख्या पाण्यात तीस मीटरवरचेही दिसते. मालवणला गड, कर्ली यांसारख्या नद्या गाळ आणून ओततात. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटर दिसते, वाईट दिवशी स्वतःच्या पायांत घातलेल्या पंखांची टोकेही धूसर होतात. इथे प्रवाळांची अखंड भिंत नाही. खडकांवर ठिकठिकाणी बसलेल्या वसाहती आहेत. पण याच कारणाने मला हा समुद्र जास्त मोलाचा वाटतो. इतका गाळ, पावसाळ्यात इतके गोडे पाणी, एवढी खळबळ सोसून जे प्रवाळ इथे टिकले आहेत ते चिवट आहेत, आणि ते आपल्या दाराशी आहेत.

सिंधुदुर्गाच्या भोवतालचे खडक यासाठी मुद्दाम पाहावेत. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, ते बेट निवडण्यामागे हे बुडालेले खडक होते. वाटाड्या सोबत नसेल तर परक्या गलबताचा तळ इथे फाटलाच म्हणून समजा. जो खडक जहाज फोडतो त्याच खडकावर प्रवाळ बसतो, त्याच्या कपारीत शेवंड आणि गोबरा लपतात, आणि फुटलेल्या जहाजाचा सांगाडाही तिथेच विसावतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात प्रवाळ आणि जहाजांचे अवशेष शेजारी शेजारी आढळतात ते यामुळे. म्हणूनच या पुस्तकातही ते दोन्ही विषय एकत्र आले आहेत.

एप्रिल १९८७ मध्ये या खडकांसह २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांचा त्याला विरोध होता. तो अज्ञानातून होता असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांचे पोट रापणीच्या जाळ्यांवर आणि छोट्या होड्यांवर आहे त्यांना न विचारता समुद्रावर रेषा ओढली गेली, तर ते दुसरे काय करणार? पुढे त्याच घरांतली मुले पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागली. भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, कुठला खडक कुठल्या महिन्यात गढूळ होतो, हे ज्ञान त्यांच्याकडे घरातून आलेले आहे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी केली, तिथे खोल तलावात रीतसर शिक्षण मिळते. शास्त्र आणि घरचे ज्ञान ज्याच्याकडे एकत्र आले आहे, असा वाटाड्या मिळाला तर त्याचा हात सोडू नये.

आता श्वासाविषयी. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे आणि ते टाळून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जमिनीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एकाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. कृष्णेत बुडी मारणारा मुलगा वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती आकसते, वर येताना मूळ आकाराला येते, बस्स. स्कूबाचे तसे नाही. जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये घडवलेले यंत्र बाटलीतली हवा आपण जितके खोल असू तितक्या दाबाने तोंडात देते. त्यामुळे छातीवर ओझे जाणवत नाही. पण दहा मीटरवर असा छातीभर श्वास घेऊन तो रोखून कुणी वर आला, तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुसे तेवढी जागा देऊ शकत नाहीत, ती फाटतात. पोहण्याच्या तलावात दीड-दोन मीटरवरही हे घडू शकते. घाबरलेला पोहणारा नेमके हेच करतो. लहानपणापासून मुरलेल्या सवयीने श्वास रोखतो आणि जोराने वर झेपावतो.

स्नॉर्केलिंगला ही भीती नाही, कारण तिथे नळीतून वरचीच हवा घेतो. मात्र बुडी मारून खोल जाण्याचा मोह होतो आणि त्यात दुसरा धोका असतो. पैज जिंकण्यासाठी बुडीच्या आधी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास वापरतात. तिने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घ्यायला हवा ही आज्ञा मेंदूला तोच देतो. ती आज्ञा उशिरा येते, तोवर प्राणवायू संपत आलेला असतो, आणि वर येता येता, पृष्ठभागापासून हातभर खाली, माणूस बेशुद्ध होतो. ओरडत नाही, धडपडत नाही. नदीकाठच्या प्रत्येक पालकाने ही एवढी एक गोष्ट मुलांना सांगितली तरी या पुस्तकाचे काम झाले.

खाली शांत राहिल्याने काय मिळते, याचा हिशेब मांडता येतो. नेहमीच्या बाटलीत, भरलेली असताना, साधारण २,२०० लिटर हवा असते. चौथा हिस्सा राखीव ठेवला तर साडेसोळाशे लिटर उरते. शांत माणूस मिनिटाला वीसेक लिटर घेतो. दहा मीटरवर ते चाळीस होते, म्हणजे चाळीस मिनिटे मिळतात. हातपाय मारणारा, धास्तावलेला माणूस मिनिटाला पन्नास लिटर ओढतो. त्याची तीच बाटली सोळा-सतरा मिनिटांत संपते. शिवाय फुप्फुसे हेच आपले वर-खाली होण्याचे साधन आहे. श्वास घेतला की अंग किंचित वर उचलले जाते, सोडला की खाली बसते. शिशाचे पट्टे आणि हवेचे जाकीट नीट जुळले की निव्वळ श्वासावर एका उंचीला तरंगत राहता येते. चार-दोन डायव्हमध्ये हे साधत नाही, पण साधते तेव्हा समुद्र जवळ येऊ लागतो. मघाशी कपारीत पळालेले मासे पुन्हा बाहेर पडतात.

प्रवाळासाठी तर हे तरंगणे जीवनमरणाचे आहे. प्रवाळ दगड दिसतो, पण तो असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असतो. प्रत्येकाच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. रंगही बहुतांश त्याचाच. पंखाच्या एका फटकाऱ्याने उडालेला गाळ या प्राण्यांवर बसला की प्रकाश अडतो आणि तो झटकण्यासाठी त्यांना चिकट स्राव खर्चावा लागतो. मालवणला गोल दगडासारखा जो प्रवाळ नेहमी दिसतो, तो पोराइटिस, वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. कमरेइतका उंच गोळा पाहिलात तर तो तुमच्या पणजोबांच्या काळात रुजला असे समजा. फोटोसाठी त्यावर पाय टेकवणाऱ्यांना हे कुणी सांगितलेले नसते. माशांनी फोटोत गर्दी करावी म्हणून पाण्यात ब्रेड-बिस्किटे टाकण्याचा प्रकारही पर्यटनात बोकाळला आहे. खडकावरचे शैवाल खाऊन तो स्वच्छ ठेवणे हे माशांचे काम, ते सोडून ते होड्यांची वाट पाहू लागतात. तुमच्या हातात कुणी ब्रेड दिला तर नम्रपणे परत करा. प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेलासुद्धा, घरी आणू नका. २००१ पासून या प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण आहे.

पर्यटकाचा पाय हा मोठ्या संकटातला छोटा भाग आहे, हेही मान्य केले पाहिजे. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून तसेच आठवडेच्या आठवडे राहिले की प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर गारवा आला तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. १९९८ मध्ये हे जगभर झाले, २०१० मध्ये झाले, २०१४ ते २०१७ असे सलग झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक लाटेची घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. उन्हाच्या झळांनी होरपळणाऱ्या प्रवाळाला आपल्या पंखांचा मार तरी नको, इतके आपल्या हातात आहे.

बुडालेल्या जहाजांची प्रकरणे लिहिताना माझा हात जास्त रेंगाळला आहे. जगभरचे डायव्हर ज्यासाठी तांबड्या समुद्रात जातात ते थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने बुडाले. त्याच्या पोटात मोटारसायकली आणि ट्रक अजून रांगेने उभे आहेत. पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांच्या खाजणात फेब्रुवारी १९४४ च्या दोन दिवसांत बुडवलेल्या जपानी जहाजांचा आख्खा तांडा पडून आहे. आपल्या किनाऱ्यावर असे का दिसत नाही, हा प्रश्न वाचकाला पडेल. जहाजे तर इथेही खूप बुडाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जळाले. समुद्राच्या बाजूने वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. मराठ्यांचे सर्वांत बळकट आरमार बुडवायला मराठेच मदतीला होते, याचे दुःख इतिहास वाचताना आजही होते. पण लाकडी जहाजाला उष्ण समुद्रात फार आयुष्य नसते. लाकूड पोखरणारा शिंपल्यांच्या कुळातला एक किडा काही वर्षांत त्याची चाळण करतो. जे गाळात गाडले गेले ते टिकते, आणि टिकते ते दगड, धातू, माती आणि हस्तिदंत. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाच्या परिसरातून दगडी नांगर नोंदले गेले आहेत ते याच न्यायाने.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी या कामात घातलेले कष्ट मराठी वाचकांपर्यंत पोहोचायला हवेत. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या सुंची रीफवर त्यांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, ब्रह्मदेशाकडच्या मर्तबानी रांजणांचे तुकडे. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंतचा व्यापार एका खडकावर सांडला होता. सेंट जॉर्ज रीफवर तर कौले, विटा आणि भाजक्या मातीचे खांब सापडले आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालचा ठसा होता. ती कौले कुठल्या घरावर चढायची होती कोण जाणे. असा ठसा ज्या जागी, ज्या वस्तूशेजारी सापडतो, त्यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. आठवण म्हणून एखाद्याने एक तुकडा उचलून नेला की ओळीतला मधला शब्द खोडल्यासारखे होते. जहाजाच्या अवशेषावर तरंगत राहावे, आत शिरू नये, काही उचलू नये. आत शिरण्याचे शिक्षण वेगळे असते आणि गाळ उडाल्यावर बाहेरची वाट सापडत नाही.

आणि काही जहाजे पाहायला जाण्याची नसतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसे गेली. त्यांतल्या अनेकांच्या घरी आजही ती तारीख पाळली जाते. जहाजाच्या अवशेषाकडे जाणाऱ्याने आधी त्यावर कोण होते ते विचारावे, म्हणून या दुर्घटनेला पुस्तकात वेगळे प्रकरण दिले आहे, आणि त्यात डायव्हिंगविषयी एक ओळही नाही.

कराडकरांसाठी काही खास सूचना. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडावा लागतो, घाईने दाब कमी झाला तर बुडबुडे होतात. म्हणून वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. विमानप्रवासाबद्दलचा नियम सगळे सांगतात. एका डायव्हनंतर बारा तास, अनेक डायव्हनंतर अठरा तास थांबावे. घाटाबद्दल मात्र आपल्याकडे कुणी फारसे बोलत नाही. त्या मार्गदर्शनात उंची मोजली जाते ती दोन हजार फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटरपासून. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, गगनबावडाही त्याच आसपास. सहा-सात मीटरवर वीस मिनिटे जाऊन आलेल्याला धोका त्या मानाने कमी. पण प्रमाणपत्राचा कोर्स करून दोन-तीन दिवस खोल डायव्ह घेतलेल्याने शेवटच्या डायव्हनंतर त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नये. एक रात्र मालवणातच काढावी. सोलकढीचा आणखी एक पेला मिळेल.

हंगाम ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सर्दी असेल तर उतरू नका, कानांतला दाब जुळत नाही. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावही काढू नका. आरोग्याचा फॉर्म खोटा भरणाऱ्याची मला काळजी वाटते, त्याच्या सोबत्याची जास्त. ज्यांना काहीच येत नाही त्यांनी आधी दोन दिवस नुसते मास्क आणि नळी लावून किनाऱ्याजवळ पडून राहावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांवर, ओहोटीच्या शांत पाण्यात, एवढ्यानेही पुष्कळ दिसते. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या अँग्रिया बँक या पाण्याखालच्या उंचवट्यावर जायचे स्वप्न जरूर पाहावे, पण तिथला सर्वांत उथळ भागही वीस मीटरहून खोल आहे आणि भोवती उघडा समुद्र. ते वर्षांच्या तयारीचे काम आहे.

शेवटची विनंती गुलदारविषयी. आयएनएस गुलदार ही पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी युद्धनौका १९८५ मध्ये नौदलात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती स्वच्छ करून निवती रॉकजवळच्या समुद्रात उतरवायची आणि तिच्यावर कृत्रिम प्रवाळखडक वाढू द्यायचा, असा प्रकल्प राज्याच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतला आहे. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ २००६ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका अशीच तळाला बसवली गेली. पोलादावर आधी जिवाणूंचा पातळ थर येतो, मग शेवाळ, बार्नेकल, कालवे, स्पंज. मासे तर सावलीच्या ओढीने त्याही आधी येतात. मऊ प्रवाळ, समुद्रपंखे सावकाश येतात. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. निवतीच्या गढूळ, पावसाळ्यात घुसळल्या जाणाऱ्या पाण्यात तो कसा असेल, हे तिथे उतरणाऱ्यांनाच नोंदवावे लागेल. म्हणून परिशिष्टात कोऱ्या तक्त्यांची पाने दिली आहेत. तारीख, खोली, पाण्याचे तापमान, किती लांबवरचे दिसत होते, कुठले जीव किती. माशांची मालवणी नावे चित्रांसह शेजारी छापली आहेत, कारण वाटाड्याशी बोलताना तीच उपयोगी पडतात. भरलेली पाने तारकर्लीच्या केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्यावीत, आणि पुढच्या हंगामात पुन्हा जाऊन जहाजाच्या त्याच भागासमोर तरंगत तीच पाने पुन्हा भरावीत.